रांगेच्या शेवटी ओबेद

१

म्वालेशी नदीच्या काठानं जनावरं बघत पायी हिंडायचं असेल तर रांग मोडायची नाही, एवढा एकच नियम काबासो पाहुण्यांना सांगत असे. बाकीचे सांगून उपयोग नसतो, असं त्याचं मत होतं. माणूस भ्यायला की सांगितलेलं सगळं विसरतो. रांग तेवढी पायांच्या लक्षात राहते. पुढे बंदूकवाला, त्याच्यामागे वाटाड्या म्हणजे काबासो स्वतः, मग पाहुणे आणि सगळ्यात शेवटी चहावाला. चहावाल्याच्या डोक्यावर बादली, बादलीत निळी किटली आणि पत्र्याचे कप. चालताना कप एकमेकांवर किणकिणत. ती किणकिण ऐकू आली की शेपूट जागेवर आहे, हे वाटाड्याला मागे न वळता कळायचं.

चहावाला होता ओबेद, काबासोचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर काबासोनं त्याला पाठीवर बांधून वाढवलेलं. आता ओबेद तिशीला आला होता, मिशा होत्या, बायको पोटुशी होती, तरी काबासोला तो अजून पाठीवरचाच वाटे. यंदा पावसाळा सरला आणि छावणीतल्या गवताच्या झोपड्या नव्यानं उभारायची वेळ आली, तेव्हा काबासोनं त्यालाही कामाला सोबत घेतलं. आईच्या मनात नव्हतं. "दोघं चाललात, दोघं या," एवढंच ती म्हणाली आणि आत निघून गेली.

बंदूक असायची जेरेकडे. तो पूर्वेकडचा, न्गोनी. हे भाऊ बेम्बा. दोन्ही जमातींचे पणजे एके काळी एकमेकांवर भाले घेऊन धावले होते, आणि पणतवंडांनी त्या वैराची थट्टा करून टाकली होती. आता ते एकमेकांचे थट्टेतले सोयरे होते. न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ म्हणायचं, बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. टोमणा आला की तिथल्या तिथे परत करायचा. गिळून बसला तो हरला.

त्या दिवशीही लापशीच्या पातेल्याभोवती हाच कारभार चालला होता.

"काय रे माकडखाऊ, आज लापशीत शेपूट दिसत नाही?" जेरे म्हणाला.

"तुझ्या गावची मांजरं कशी आहेत?" काबासोनं विचारलं. "उपाशी मेली म्हणे. उंदीर सगळे तुम्हीच फस्त केलेत."

पाहुणे दोघंच होते. एक सिकाझ्वेबाई, म्बालाच्या शाळेत हयात घालवून निवृत्त झालेल्या. दुसरा यान, एक लांबलचक डच माणूस. त्याचा चेहरा चिंतेत पडला. "हे भांडतायत का?" त्यानं हळूच विचारलं.

"भांडण असतं तर इतकं गोड बोलले असते का?" बाई म्हणाल्या.

ओबेद बादली डोक्यावर घेऊन आला. चालताना त्याचा डावा पाय बाहेरच्या बाजूला फेकला जाई. जेरे टपलेलाच होता.

"ए ओबेद, तो डावा पाय कुठे निघालाय? त्याला सांग, आपण इकडे चाललोय."

"म्हातारबुवा, आधी तुमचं पोट बघा. ते तर केव्हाच पुढे निघून गेलंय."

सगळे हसले आणि रांग निघाली.

२

नदीचा उतार छावणीपासून फार लांब नव्हता. कोरड्या दिवसांत तिथे पाणी गुडघ्याच्याही खाली असायचं, तळाची वाळू दिसेल इतकं स्वच्छ. तरी मगरींमुळे पद्धत ठरलेली होती. जेरेनं पाण्याकडे तोंड करून बंदूक हातात धरायची, आणि शेवटचा माणूस कोरड्या वाळूत पाय ठेवेपर्यंत नजर हलवायची नाही.

तसं झालंही. सगळे पार झाले, वाळूत बसून बूट घालू लागले. तेव्हा यानच्या लक्षात आलं की टोपी पलीकडेच राहिली.

"ओबेद, तेवढी टोपी आण बरं," काबासो म्हणाला.

बादली उतरवून पुन्हा चढवायचा ओबेदला कंटाळा. तो तसाच बादलीसकट वळला आणि पाण्यात शिरला. जेरेनंही बंदूक खांद्यावरून काढायला हात घातला होता. पण त्याच क्षणी काबासो म्हणाला, "जपून बस रे वाळूत, बिळातला एखादा नातेवाईक चिरडशील." आता असा टोमणा आल्यावर कुठला न्गोनी गप्प बसेल? जेरे पाण्याकडे पाठ करून काबासोसमोर उभा राहिला.

"तू मर तर खरा एकदा! खड्डा मीच खणणार आहे, विसरू नकोस. सोयऱ्याचं कामच ते. तुझ्यासारखा वाकून चालून दाखवीन, तुझ्यासारखं नाक ओढून दाखवीन. रडायला आलेल्या बायका पोट धरून हसतील. आणि बकरा हातात पडल्याशिवाय तुला खाली उतरवू देणार नाही!"

"बकरा कशाला? भाजलेल्या उंदरांची माळ घालायला सांगतो बायकोला, तुझ्या गळ्यात."

"तुझी बायको? ती तर त्या दिवशी नाचणार आहे!"

हे इतकं रंगलं की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. यानला निम्मं कळत नव्हतं, तोही हसत होता. जेरे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. हसू ओसरायला बराच वेळ लागला.

मागून किणकिण ऐकू आली. काबासोनं समाधानानं मान हलवली. यानच्या डोक्यावर टोपी होती, आणि ती ओलीचिंब होती.

"गार वाटतंय," यान म्हणाला. "थँक यू, ओबेद."

"चला," काबासो म्हणाला.

३

मुसांगूच्या झाडांखाली पुकू हरणांचा कळप चरत होता. ही हरणं माणसांना सरावलेली. जेरे जवळून गेला, काबासो गेला, तरी एकानंही मान वर केली नाही. बाई गेल्या, यान गेला. मग एकदम शिट्टी झाली.

बिबट्या दिसला की पुकू घालतात ती शिट्टी. सगळा कळप ताठ झाला. काबासोनं हात वर करून रांग थांबवली आणि हरणं कुठे बघतायत ते पाहिलं. ती रांगेच्या शेवटाकडे बघत होती. तिथे गवत पुरुषभर उंच होतं. गवतावरून फक्त बादली दिसत होती.

"ओबेद, मागे काही आहे का?"

"नाही दादा."

आवाज अगदी जवळून आला. गवतात एखादा बिबट्या झोपलेला असेल, त्याच्या अंगावरून वारा गेला असेल. हरणांचं काय, पाचोळा हलला तरी शिट्टी घालतात. काबासोनं असं मनाशी ठरवलं. पण पाचोळ्याला पुकू शिट्टी घालत नाही, हे वीस पाहुण्यांना त्यानंच सांगितलं असेल.

पुढे वाट मोकळी होती. जेरे गप्प होता, हे काबासोला जरा उशिरानं जाणवलं. एरवी वाटेत माकड दिसलं की तो हटकून मागे वळून ओरडायचा, "ओबेद, तुझं जेवण पळालं बघ!" आत्ता डोक्यावरच्या फांदीत वानरांचं अख्खं कुटुंब बसलं होतं. जेरे त्यांच्याखालून मुकाट निघून गेला.

मग त्याची चाल बदलली. आधी काबासोला वाटलं, पायात काटा मोडला. जेरेचा डावा पाय बाहेर फेकला जात होता. थोडा, मग जास्त. मान सरळ, एक हात वर, डोक्यावर काहीतरी तोलून धरल्यासारखा. हुबेहूब ओबेद. काबासोला हसू फुटलं, आणि मागे बाईही हसल्या.

बाईंचं हसू मधेच तुटलं. नंतर काबासोचंही. नक्कल करणारा माणूस मागे वळून बघतो, लोक हसतायत की नाही म्हणून. जेरे बघत नव्हता. तो एकटाच, खाली मान घालून, मन लावून ओबेदसारखा चालत होता. आणि माणसाची चाल अशी चालून दाखवायची वेळ एकच असते, त्याच्या मयताची, हे तिथल्या तिघांना माहीत होतं. जिवंत माणसाच्या पायाची सोयरे टर उडवतात. त्याची चाल ते पायात घेत नाहीत.

"जेरे!"

जेरे थांबला. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. मग काबासोकडे.

"मी काय करत होतो?" त्यानं विचारलं.

४

चहाची जागा एका ओढ्याच्या कोरड्या पात्राजवळ होती. ओबेद नेहमीप्रमाणे लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला चूल मांडून बसला. धूर त्याच्याच अंगावर जात होता. धुरात त्याची पाठ दिसत होती, वाकलेली.

चहा आला. म्हणजे कप भरून एका ओंडक्यावर ठेवलेले होते, ज्यानं त्यानं उचलले. यान दोन कप प्यायला. काबासोही प्यायला, कारण चहा गरम होता आणि गरम चहा ही खरी गोष्ट असते. चवीला जरा गढूळ लागला इतकंच. सिकाझ्वेबाईंनी कप ओठांना लावला, खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात. काबासोनं ठरवलं, जाऊन बघायचं आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. तो धुराकडे गेला. ओबेद त्याच्याकडे पाठ करून चुलीशी बसला होता. तोच मळका सदरा, तेच मोठे कान. काबासोला इतकं हायसं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. पण सदरा पाठीला चिकटलेला होता. कॉलरपर्यंत ओला. नदीचं पाणी तर गुडघ्याच्या खाली होतं.

"पडलास की काय पाण्यात?"

"हो दादा."

"लागलं का कुठे?"

"आता नाही."

"अरे मग हाक मारायची!"

"मारली की," ओबेद म्हणाला. "तुम्ही हसत होतात."

त्यात राग नव्हता. लहानपणी खेळात हरल्यावर तो याच आवाजात बोलायचा. काबासोनं त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. हात अर्ध्या वाटेत थांबला, आणि काबासोनं कितीही जोर लावला तरी पुढे गेला नाही. भीती वाटते म्हणून नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. ओल्या सदऱ्याला कशाला हात लावायचा, म्हणून.

"आईनं काय सांगितलंय, लक्षात आहे ना?"

"दोघं या," ओबेद म्हणाला, आणि चुलीत फुंकर घातली. धूर दाट झाला.

५

जेरे एका झाडाला टेकून, चुलीकडे पाठ करून उभा होता. काबासोनं त्याला बाजूला ओढलं.

"जा, त्याला काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"रोज काय बोलतोस? माकडखाऊ म्हण. पायावर बोल. तो उलटा टोमणा मारेल, आपण हसू, आणि हे सगळं मिटेल."

जेरेनं मान हलवली. "मघापासून जिभेवर आणतोय. येत नाही काबासो. जे येतंय ते भलतंच येतंय."

"काय येतंय?"

"बकरा मागावासा वाटतोय."

काबासोनं त्याची गचांडी धरली. जेरेनं धरू दिली. एवढा धिप्पाड माणूस, पण हात खाली सोडून उभा राहिला.

"माझा भाऊ तिकडे कप विसळतोय," काबासो दात आवळून म्हणाला. "कान फुटलेत का तुझे?"

"ऐकतोय ना मी पण," जेरे म्हणाला. "पाणी कुठलं आहे तिकडे?"

दोघंही ऐकू लागले. कप विसळल्याचा आवाज येत होता. बुडवून, खळबळून, ओतून, पुन्हा बुडवून. भरपूर पाण्यात, निवांतपणे. ओढा तर जूनमध्येच आटला होता.

"मी पाण्याकडे पाठ केली होती," जेरे म्हणाला.

"मी तुला बोलायला लावलं," काबासो म्हणाला, आणि ताबडतोब पुढे म्हणाला, "पण झालं काहीच नाही. पडला, उठला, आला. छावणीत नेऊन कोरडे कपडे घालतो, आणि उद्या सकाळी आईकडे घेऊन जातो. आईनं बघितलं की झालं."

"नदी लागते ना मधे?"

"लागू दे."

त्याचं बोलणं संपल्यावर जेरे त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत राहिला, ती नजर काबासोनं मयताच्या घरी पाहिली होती. आपल्याला आधीच कळलेलं असतं आणि घरच्यांना अजून मानायचं नसतं, तेव्हाची.

६

परतताना काबासोनं ओबेदला सांगून पाहिलं, "तू माझ्या पुढे चल." "मी शेवटचा ना दादा," असं उत्तर आलं. नियम काबासोचाच होता. तो पुढे निघाला.

वाटभर किणकिण मागे होती. काबासो तिच्यावर जीव टांगून चालत होता. आवाज जरा मंदावला की त्याचं पाऊल अडे, पुन्हा आला की पुढे पडे. वळून बघ, असं बुद्धी सांगत होती. वळलास आणि तिथे कुणी नसलं तर आईला काय सांगशील, असंही तीच सांगत होती.

दुपार कलताना नदी आली. पाणी सकाळइतकंच उथळ, सकाळइतकंच स्वच्छ. जेरेनं या वेळी बंदूक हातातून सोडली नाही. एकेक करून त्यानं बाईंना आणि यानला पार नेलं आणि पलीकडून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. काबासो पाण्यात उतरणार, तेवढ्यात त्याची नजर खालच्या अंगाला गेली.

तिथे काठ ढासळून एक मोठं झाड पाण्यात आडवं झालं होतं. मुळांखाली डोह काळा होता. मुळांच्या जाळ्यात निळी किटली अडकली होती. प्रवाहाबरोबर ती जरा फिरायची, मुळाला लागायची, पुन्हा फिरायची. तिच्या खाली, पाण्याच्या आत, मुळांच्या रंगाचं नसलेलं आणखी काहीतरी होतं. काबासोनं तेवढंच पाहिलं आणि मान वळवली.

मागे कप किणकिणत होते. मग आपण प्यालो तो चहा कुठल्या किटलीतला, हा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि त्यानं तो तिथेच दाबला.

"ओबेद," पुढे बघतच तो म्हणाला. "हात दे."

त्यानं हात मागे केला. लहानपणी बाजाराच्या गर्दीतून जाताना करायचा तसा. काही वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या तळव्यात हात आला. गार होता, कातडी भिजून सुरकुतलेली होती, पण बोटं ओबेदचीच होती. काबासोनं ती घट्ट धरली आणि पाण्यात पाय घातला.

पलीकडे जेरेनं हे पाहिलं. त्यानं बंदूक यानच्या हातात दिली, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागला. यान काहीतरी विचारू लागला. सिकाझ्वेबाईंनी त्याचं मनगट धरून त्याला गप्प केलं.

"ऊठ रे आळशा!" जेरे ओरडला. वाळू त्याच्या कोपरांपर्यंत आली होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "मेल्याचं सोंग घेऊन काम चुकवतोस होय? बायकोच्या हातचं खाऊन फुगलास, आता एवढा लांब खड्डा कोण खणणार? पाय दुमडून घे म्हणावं! तो डावा तर बाहेरच राहणार आहे!"

"बंद कर!" काबासो ओरडला. "जेरे, बंद कर ते!"

जेरे थांबला नाही. एवढे शब्द दिवसभर त्याच्या जिभेवर अडलेले होते. एकेका टोमण्यासरशी काबासोच्या हातातला हात हलत होता. हसणाऱ्या माणसाचा हात हलतो तसा.

काबासो पाण्याच्या मध्यावर थांबला. एकदा त्या काठावर पाय ठेवला की पुढचं सगळं करावं लागणार होतं. आईच्या अंगणात एकट्यानं शिरावं लागणार होतं, पोटुश्या पोरीसमोर तोंड उघडावं लागणार होतं. इथे पाण्यात हे काहीच नव्हतं. इथे भाऊ हातात होता. त्यानं वाळूत पाय रोवले. असंच उभं राहायचं, त्यानं ठरवलं. रात्र होऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे.

हातानं त्याला ओढलं.

त्याला वाटलं, डोहाकडे ओढतोय. त्यालाही तो तयार होता. पण हात डोहाकडे ओढत नव्हता. तो काठाकडे ओढत होता, जेरेकडे, खड्ड्याकडे. दमलेलं पोर संध्याकाळी घराकडे ओढतं तसं, हळू आणि हट्टानं.

"थांब ना," काबासो म्हणाला. "थोडा वेळ थांब रे राजा."

हात थांबेना. काबासोनं डोळे मिटले आणि ओढला जात चालत राहिला. पाणी पिंढऱ्यांपर्यंत आलं, घोट्यांपर्यंत आलं, मग पायाखाली कोरडी वाळू लागली. जेरेचा श्वास त्याच्या तोंडाजवळ आला.

"दे," जेरे हळूच म्हणाला. आता त्यात थट्टा नव्हती. "दे माझ्याकडे."

त्यानं काबासोची बोटं एक एक करून सोडवली. मग वाळूवर जड पावलं वाजली, आणि ओझं उचलताना निघतो तसा जेरेच्या तोंडून एक हुंकार निघाला. काबासोनं डोळे उघडले नाहीत. यानच्या हातातून बंदूक खाली पडल्याचा आवाज त्यानं ऐकला.

जवळच कापड सळसळलं. सिकाझ्वेबाई वाळूत खाली बसत होत्या. मयताच्या घरी बायका बसतात तशा, पाय लांब करून, जमिनीवर. त्यांनी श्वास आत घेतला. पुढे काय येणार ते काबासोला कळलं.

"बाई, नको," तो म्हणाला. "अजून नको. पाया पडतो तुमच्या."

बाईंनी ओबेदचं नाव घेऊन हंबरडा फोडला.